एका घरात दोन चुली

‘‘काकू, हा आता भंगारातच घाला. नाहीतर फॉरमॅट मारून देतो, पण पुढे किती दिवस चालेल ते सांगत नाही.’’

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगा एवढं बोलला आणि गाडीला किक मारून गेलासुद्धा. ही गोष्ट ऑक्टोबर २०२५ मधली. आमचा कॉम्प्युटर २०१६ चा. तेव्हा नव्याने आलेल्या विंडोज १० सकट घेतलेला. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला पुरवायची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. घरगुती वापरासाठी आणखी वर्षभराची वाढीव सोय जाहीर झाली, पण ती वर्षभराचीच. आणि विंडोज ११ या डब्यात बसत नाही, कारण त्याला लागणारा प्रोसेसर आमच्याहून दोन पिढ्या पुढचा. कॉम्प्युटर बिघडलेला नाही, त्याला खरचटलेलंसुद्धा नाही, पण तो ‘म्हातारा’ ठरला. संध्याकाळी आमचे हे म्हणाले, ‘‘जाऊ दे, नवीन घेऊ. चाळीसेक हजार जातील.’’ विषय संपला.

त्यांचा संपला. माझ्या पोटात मात्र ‘फॉरमॅट’ या शब्दाने गोळा आला होता.

त्याचं कारण आमच्या सासूबाई. त्या शिराळ्याकडच्या. जात्यावर बसल्या की ओवीमागून ओवी यायची. जातं बंद झालं, गिरणी आली, तरी ओव्या तोंडात होत्याच. २००४ साली दुपारच्या वेळी भाजी निवडत त्या सांगायच्या आणि मी दोनशेपानी वहीत उतरवून घ्यायची. मग रात्री कॉम्प्युटरवर टाईप करायची. त्या वेळी मराठी टायपिंगचं वेगळं सॉफ्टवेअर मिळायचं. त्याच्यासोबत एक चावी यायची, ती कॉम्प्युटरला लावल्याशिवाय ते सुरूच व्हायचं नाही. असं करत सहाशे अकरा ओव्या झाल्या. सासूबाई २०११ मध्ये गेल्या. वही २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेली. कृष्णामाईचं पाणी सांगलीत आमच्या तळमजल्यात छातीभर आलं, तेव्हा हा कॉम्प्युटर गादीत गुंडाळून वर नेला, पण ट्रंकेतली वही कुणाच्या लक्षात आली नाही. सीडी केली होती ती आता कुठल्याच मशीनवर वाचली जात नाही. उरली ती कॉम्प्युटरमधली फाईल.

तुम्ही म्हणाल, मग घ्यायची की पेन ड्राइव्हवर. घेतली होती. लेकीच्या लॅपटॉपवर उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, उद्गारचिन्हं आणि कंस यांची नुसती रांगोळी. त्या काळचे मराठी फॉन्ट असेच असायचे. आत साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षर, फॉन्ट फक्त त्याला मराठीचं रूप द्यायचा. फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर नसेल तर मराठी गायब. आज आपण मोबाइलवर जे मराठी लिहितो ते युनिकोड. त्यात ‘क’ला जगभर एकच क्रमांक, कुठल्याही मशीनवर तो ‘क’च दिसतो. माझ्या सहाशे अकरा ओव्या मात्र जुन्या कुलपातल्या. आणि ते कुलूप उघडायचं फक्त आमच्या त्या ‘म्हाताऱ्या’ विंडोजवर.

रात्री लेकीला फोन लावला. ती पुण्यात असते. म्हटलं, ‘‘अगं, जुनंही ठेवायचं आहे आणि नवीनही हवं आहे, असं काही होतं का?’’

‘‘होतं ना आई. ड्युअल बूट कर. एकाच कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज तसंच राहील, शेजारी लिनक्स टाक.’’

‘‘आणि ते कोण टाकणार?’’

‘‘तू.’’

मी फोन कानापासून दूर धरून एकदा त्याच्याकडे बघून घेतलं.

मैत्रिणींनो, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे मला त्या रात्रीपर्यंत धड माहीत नव्हतं. वीस वर्षं कॉम्प्युटर वापरूनही! मला वाटायचं, कॉम्प्युटर म्हणजेच विंडोज. खरं तर तो पत्र्याचा डबा म्हणजे नुसतं घर. त्यात चूल कुणाची मांडायची, हा वेगळा प्रश्न. विंडोज ही एक चूल. लिनक्स ही दुसरी. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिची सुरुवात केली, पुढे जगभरच्या हजारो लोकांनी तिच्यात भर घातली आणि आजही ती कुणीही फुकट घ्यावी, वापरावी, बदलावी अशी आहे. एकाच हार्ड डिस्कचे दोन वाटे करायचे, एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. कॉम्प्युटर सुरू केला की एक काळा पडदा येतो आणि विचारतो, आज कुठली चूल पेटवायची? दहा सेकंद थांबतो. आपण उत्तर दिलं नाही तर यादीतली पहिली सुरू करतो. एका वेळी एकच पेटते, दुसरी झाकून राहते.

आपल्याकडे ‘घरात दोन चुली झाल्या’ हे वाक्य किती हळू आवाजात बोलतात! कुणीतरी भांडलं, कुणीतरी वेगळं निघालं, असाच त्याचा अर्थ. इथे मात्र दोन चुली झाल्या आणि भांडण मिटलं.

पण टाकायचं कुणी, हा प्रश्न होताच. कारण आमच्या घरात कॉम्प्युटरच्या बाबतीत माझ्यासाठी एकच वाक्य राखून ठेवलेलं आहे. ‘हात लावू नकोस, काहीतरी बिघडेल.’ २००७ च्या सुमारास पुतण्याने पोस्टाने उबुंटूची सीडी मागवली होती. उबुंटू हीसुद्धा लिनक्सचीच एक जात, २००४ मध्ये सुरू झालेली. त्या वेळी ते लोक मागेल त्याला जगात कुठेही फुकट सीडी पाठवायचे. २०११ पर्यंत पाठवत होते. शब्द आफ्रिकेतला, अर्थ साधारण असा, की माणसं आहेत म्हणून मी आहे. मला तो अर्थच इतका आवडला की मी विचारलं, ‘‘मला दाखव ना रे.’’ तर म्हणाला, ‘‘काकू, तुम्ही नका लावू हात. सगळं उडेल.’’ ती सीडी पुढे कित्येक वर्षं कपाटात होती. शेवटी मी ती पेरूच्या झाडाला टांगली, पाखरं उडवायला.

गंमत बघा. गॅसचा सिलेंडर बदलायला आम्ही चालतो, मिक्सरचं भांडं उघडून वॉशर बसवायला आम्ही चालतो, कुकरची शिटी उडाली तर धावायचं आम्हीच. तिथे ‘बिघडेल’ असं कुणी म्हणत नाही. जिथे खरोखर स्फोट होऊ शकतो तिथे बायकांचा हात चालतो आणि जिथे फार तर एक फाईल जाईल तिथे चालत नाही!

अर्थात फाईल जाण्याची भीती खोटी नव्हती. माझी तर एकुलती एक फाईल. म्हणून लेकीने पहिली अट घातली, आधी सगळ्याची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ओव्या, ह्यांच्या दुकानाचे हिशेब, फोटो, सगळं. मग ओव्यांच्या फाईलची विंडोजमध्येच पीडीएफ केली. पीडीएफ म्हणजे छापील पानाचा फोटोच म्हणा, त्यात फॉन्ट आतच बसतो. ती कुठेही उघडते, मराठी दिसतं. हे इतकं सोपं होतं आणि मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी तरी कुणाला विचारलं होतं?

पुढचं काम चार दिवस पुरलं. हे लग्नाला कोल्हापूरला गेले होते, ते एक बरं झालं. लिनक्स मिंट नावाची जात निवडली, कारण ती नवख्याला सोपी आणि दिसायला विंडोजसारखी. तिला दोन जीबी मेमरीतसुद्धा चालवता येतं, आमच्याकडे चार होती. २०२४ साली आलेली तिची २२ क्रमांकाची आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे, म्हणजे आमच्या ‘म्हाताऱ्या’ची वयाची तेरा वर्षं निघाली. तीन जीबीच्या आसपासची फाईल उतरवली, ती पेन ड्राइव्हवर चढवली. विंडोजमध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय बंद केली. ती चालू असली तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं आणि आपल्या कपाटाची किल्ली मुठीतच ठेवतं. मग डिस्कच्या एक टीबीतले शंभर जीबी मोकळे केले. कॉम्प्युटर पेन ड्राइव्हवरून सुरू केला.

आणि इथे मला पहिला सुखद धक्का बसला. लिनक्स आत टाकण्याआधी नुसतं वापरून बघता येतं. डिस्कला हातही न लावता. साडी अंगावर टाकून आरशात बघावी तसं. मी दोन दिवस तसंच बघत बसले. इंटरनेट चालतं का, प्रिंटर ओळखतो का, मराठी उमटतं का. सगळं चाललं. प्रिंटरने अर्धा तास नखरे केले तेवढेच.

तिसऱ्या रात्री ‘इन्स्टॉल’ दाबलं. पडद्यावर पर्याय आले. एक, विंडोजच्या शेजारी बसवा. दुसरा, संपूर्ण डिस्क पुसून बसवा. तिसरा, माझं मी ठरवते. पहिला आणि दुसरा यांच्यामध्ये बोटभर अंतर. तो दुसरा पर्याय म्हणजे सहाशे अकरा ओव्या, दहा वर्षांचे हिशेब, लेकीच्या लहानपणचे फोटो, सगळं एका टिचकीत. कॉपी होती, तरी माझा हात थरथरला, खोटं कशाला सांगू. फोनवर लेक म्हणाली, ‘‘आई, घाई नको. चष्मा लाव आणि मोठ्याने वाच.’’ मी मोठ्याने वाचलं. शेजारी बसवा. पहिल्यावर टिचकी मारली.

मग त्याने विचारलं, तुमचं नाव काय? मी माझं नाव लिहिलं. कॉम्प्युटरचं नाव काय ठेवायचं? मी ‘जाते’ ठेवलं. पासवर्ड? मी माझा पासवर्ड लिहिला, दोनदा.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या घरात वीस वर्षांत तीन कॉम्प्युटर झाले आणि त्यांतल्या एकाचाही मुख्य पासवर्ड माझा नव्हता. कॉम्प्युटरच्या भाषेत ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात, म्हणजे कर्ता. तो आधी पुतण्या होता, मग आमचे हे, मध्यंतरी दुरुस्त करणारा मुलगासुद्धा होता, कारण त्यानेच काहीतरी टाकून ठेवलं आणि पासवर्ड आम्हाला सांगायचं विसरला. काही नवीन बसवायचं म्हटलं की पडद्यावर चौकट यायची, ‘ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी घ्या’. आणि मी घ्यायची. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. आमच्या ह्यांना विचारलं असतं तर त्यांनी कागदावर लिहून दिला असता. पण मी विचारलं नाही आणि त्यांना सुचलं नाही. बहुतेक घरांतलं बहुतेक सगळं असंच तर ठरतं.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. चौथ्या दिवशी हे परत आले, विंडोज लावलं आणि ओरडले, ‘‘काय केलंस? घड्याळ बिघडवलंस!’’ सकाळचे दहा वाजले होते आणि कॉम्प्युटर पहाटेचे साडेचार दाखवत होता. मी गारच. लेकीने हसत हसत उलगडा केला. कॉम्प्युटरच्या आत एक छोटं घड्याळ असतं. लिनक्स त्यात जागतिक वेळ लावतं आणि दाखवताना आपले साडेपाच तास मिळवून दाखवतं. विंडोज त्याच घड्याळाला इथलीच वेळ समजतं. म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक. दोघांची घड्याळं बिघडलेली नाहीत, एकाच घड्याळाकडे दोघं वेगवेगळ्या नजरेने बघतात. लिनक्सला एका ओळीची आज्ञा दिली, इथलीच वेळ धर बाई, आणि भांडण मिटलं. ती ओळ मी स्वतः टाईप केली. हे मागे उभे राहून बघत होते, काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने चहा मात्र आला, आणि तो मी केलेला नव्हता.

आता आमच्याकडे वाटणी अशी आहे. ह्यांचं टॅली विंडोजसाठी बनलेलं, ते तिथेच. सुरक्षा-दुरुस्तीचा भरवसा नाही म्हणून त्या बाजूने आम्ही इंटरनेट लावत नाही. बँक, विजेचं बिल, ई-मेल, माझं लिखाण हे सगळं लिनक्सवर. लिनक्सला विंडोजचं कपाट उघडता येतं, म्हणून ओव्यांची पीडीएफ मी तिथून उचलते. विंडोजला मात्र लिनक्सचं कपाट वाचता येत नाही. तिथे आहे हेसुद्धा त्याला उमगत नाही. यावर मी जास्त बोलत नाही, सुज्ञ मैत्रिणी समजतील.

रोज रात्री जेवणं आटोपली की मी दहा ओव्या युनिकोडमध्ये उतरवते. जुन्या फॉन्टचं नवं करून देणारी साधनं मिळतात, पण त्यांत रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात. मग एकेक ओळ तपासावी लागते. त्यापेक्षा हाताने बरं. टाईप करताना सासूबाईंचा आवाज येतो. साडेतीनशे झाल्या आहेत.

आता उलट बाजू सांगते, कारण हे वाचून उद्या कुणी उत्साहात डिस्क पुसून बसली तर पाप मला लागेल. ज्यांचं सगळं काम मोबाइलवर भागतं त्यांनी या भानगडीत पडायची गरज नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर अजिबात नाही. विंडोजची डिस्क बिटलॉकर नावाच्या कुलपात असेल तर त्याची किल्ली आधी लिहून ठेवा. काही प्रिंटर, काही सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतच नाहीत. कधी कधी दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा जीव जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर दोन चुली असलेल्या अनेक कॉम्प्युटरवर लिनक्स सुरूच होईना. त्यावर उपाय निघाले, पण डोकेदुखी झालीच. मेमरी भरपूर असेल तर विंडोज सुरू असतानाच त्याच्या पोटात, खिडकीत खिडकी उघडावी तसं लिनक्स चालवता येतं. ते जास्त निर्धोक. आमच्या चार जीबीत ते रडलं असतं. आणि काहीही करायचं तरी कॉपी आधी. कॉपी, कॉपी आणि कॉपी.

तरीही मला वाटतं, की दुसरी चूल एकदा तरी मांडून बघावी. लिनक्स चांगलं आणि विंडोज वाईट, असा वाद मला घालायचाच नाही. ह्यांचं टॅली विंडोजवरच आहे आणि ते उत्तम चाललं आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. आपण बायका जेव्हा कॉम्प्युटरला शिकलो तेव्हा ‘इथे टिचकी मारा, मग इथे मारा’ असं शिकलो. कुठे टिचकी मारायची ते कळलं, पण आत काय आहे, ते कुणाचं आहे आणि दुसरं काही असू शकतं का, हे कुणी सांगितलं नाही. पर्याय आहे हेच माहीत नसलं की जे समोर येतं ते नशीब वाटतं. कंपनीने म्हटलं मुदत संपली, की संपली. दुरुस्त करणाऱ्याने म्हटलं भंगार, की भंगार. घरातल्यांनी म्हटलं नवीन घेऊ, की घेऊ. केरळमध्ये सरकारी शाळांचं संगणकशिक्षण २००० च्या दशकातच मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं. तिथल्या मुलींना दहावीच्या आधीच कळतं की कॉम्प्युटर म्हणजे एकच कंपनी नव्हे. आपल्या मुलींना ते निदान घरी तरी कळावं.

परवा तो दुरुस्त करणारा मुलगा शेजारी आला होता. आमच्याकडे डोकावला, कॉम्प्युटर चालू बघून म्हणाला, ‘‘काकू, कुणी करून दिलं?’’

मी म्हटलं, ‘‘तुझ्या काकूनेच.’’

तो हसला. त्याला चेष्टा वाटली असावी. मग मी कॉम्प्युटर बंद करून त्याच्यासमोर पुन्हा सुरू केला. काळा पडदा आला, दोन नावं आली. दहा, नऊ, आठ... तो गप्प राहून बघत होता. मी माझ्या नावाने आत गेले.

तुमच्या घरच्या कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड कुणाकडे आहे? आज जेवताना सहज विचारून बघा. आणि कुणाच्या तोंडून ‘कशाला हवाय तुला?’ असं आलं, तर लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू.